हॉर्न वाजला होता का?

आमच्या सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी वाईहून साताऱ्याला न्यावे लागते. जायचे साधारण ३५ किलोमीटर, तिथे ४ तास, आणि मग परत. ह्यांची नोकरी, म्हणून हे काम माझ्याकडे. गाडी जुनी, पण माझ्या हातात बसलेली. त्यामुळे त्याचे ओझे कधी वाटले नाही. वाटू लागले ते गाडी भर रस्त्यात मान टाकू लागली तेव्हा.

पहिल्यांदा झाले ते परतताना, पाचवडजवळ. गतिरोधकावरून गाडी खाली उतरली आणि इंजिन गप्प! एकदा ब्रेक लागला, पुढच्या खेपेला तोही कडक. मागे सासूबाई ग्लानीत पडलेल्या. डायलिसिसनंतर त्यांचे ब्लडप्रेशर उतरते, मान धरवत नाही. कशीबशी गाडी कडेला घेतली. मिनिटभराने किल्ली फिरवली, तर बाईसाहेब काही झालेच नाही अशा सुरू!

गॅरेजमध्ये नेली. “काकू, गाडी तर मस्त आहे.” डॉक्टरांच्या दारात गेले की मुलांचे पोट दुखायचे थांबते ना, तसे. मग बॅटरीची टोके घासून झाली, पेट्रोलचा पंप बदलून झाला. बिल दर वेळी चढतेच. आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. रविवारी ह्यांनी पाचगणीचा घाट चढून दाखवला. गाडीने हूं की चूं केले नाही. “तू क्लच नीट सोडत नसशील,” हे म्हणाले. तीस वर्षे गाडी चालवतेय हो मी! पण खरे सांगते, पाचव्या-सहाव्या खेपेनंतर माझे मलाच वाटू लागले, की आपलेच हात आता थकले असतील. मुलगा फोनवर म्हणत होताच, “आई, आता भाड्याची गाडी लाव.” महिन्याला आठ-नऊ फेऱ्यांचे भाडे कुठून आणायचे, ते मात्र कोणी सांगेना.

शेवटी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहायला सुरुवात केली. तारीख, जागा, ऊन की पाऊस, गाडीत काय काय चालू होते, काय काय बंद पडले. दोन महिन्यांत सात नोंदी झाल्या. सातही वेळा गतिरोधक नाहीतर खड्डा. सातही वेळा चालवणारी मी.

शेजारच्या वहिनींनी गाड्यांचे फक्त वायरिंग करणारा एक मुलगा सांगितला. त्याने आधी वही वाचली, तिथेच मला निम्मे बरे वाटले. “काकू, इंजिन बंद पडलं तेव्हा डॅशबोर्डवरचे लाल दिवे लागले होते?” नव्हते. सगळा काळोख होता. “मग पेट्रोलचा दोष नाही. पेट्रोल अडलं तर इंजिन बंद पडतं, पण दिवे लागतात. इथे वीजच जातेय. हॉर्न वाजला होता का?”

मी आठवू लागले. एकदा मागून ट्रक आला होता, घाबरून मी हॉर्न दाबला होता, आणि तो चांगला खणखणीत वाजला होता! त्याचा चेहरा खुलला. आमच्या गाडीत हॉर्नला वीज बॅटरीकडून थेट येते. इंजिन आणि डॅशबोर्डला ती किल्लीच्या स्विचमधून जाते. म्हणजे बॅटरी ठीक, तिची अर्थची वायर ठीक. घोटाळा किल्लीपाशी.

त्याने टेस्ट लॅम्पचे एक टोक गाडीच्या पत्र्याला लावले, दुसरे स्विचमधून निघणाऱ्या वायरला. दिवा लागला, तो लागूनच राहिला. अर्धा तास गेला. मी हताश होऊन किल्लीकडे पाहत होते, आणि एकदम लक्षात आले. ती एकटीच लटकत होती! घर उघडायला हवे म्हणून गाडी देताना मी माझा जुडगा काढून घेत असे. ह्यांच्याकडे तर दुसरी सुटीच किल्ली. माझ्या जुडग्यात घराची, कपाटाची, लॉकरची, माळ्यावरच्या ट्रंकेची, शिवाय जेजुरीहून आणलेली पितळी घंटा.

जुडगा अडकवला आणि हलवला. दिवा फडफडला आणि गेला.

स्टिअरिंगखालचे झाकण काढले, तर स्विचमागच्या सॉकेटचे प्लास्टिक करपून तपकिरी झालेले. जाड वायरची पिन सैल. घरात गीझरचा प्लग सैल बसला की तापून काळा पडतो, तोच प्रकार: सैल पडले की तापते, तापले की आणखी सैल पडते. त्यात जुडग्याच्या झोक्यांनी स्विच झिजलेला. त्याने करपलेला भाग कापून नवी पिन दाबून बसवली, सॉकेट आणि स्विच बदलला. पंपाच्या बिलाच्या पावपटही खर्च आला नाही. पंप बदलण्याआधी मला कोणी एकही प्रश्न विचारला नव्हता, ह्याचा राग मात्र अजून जात नाही. “क्लच” हा शब्द ह्यांनी त्या दिवसापासून काढलेला नाही.

आता गाडीची किल्ली सुटी असते, जुडगा पर्समध्ये. त्यानंतर गाडी एकदाही थांबलेली नाही. पाचवडचा गतिरोधक आला की सासूबाई डोळे मिटलेल्या असल्या तरी दाराची मूठ धरतात, आणि गाडी पलीकडे उतरली की विचारतात, “चालू आहे ना गं?”