आमच्या गाडीची करकरणारी काच

आमच्या घरी एक जुनी पांढरी गाडी आहे. ती माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. माझे बाबा ती भाड्याने चालवतात. आमचे गाव माण तालुक्यात आहे. इकडे पाऊस कमी आणि धूळ फार. कोणाला दहिवडीला दवाखान्यात न्यायचे असले की लोक बाबांना हाक मारतात. बाबा रात्री-अपरात्री सुद्धा जातात.

या गाडीच्या मागच्या डाव्या दाराची काच खाली-वर करताना 'कर्रर्र कुंईऽऽ' असा आवाज यायचा. आम्हां मुलांना त्याचे हसू यायचे. पण पुढे पुढे काच मधेच अडकू लागली. गेल्या थंडीत आमच्या आळीतल्या एक काकू बाळंत होऊन घरी येत होत्या. बाळ चार दिवसांचे होते. काच अर्धी वर आली आणि तिथेच थांबली. गार वारा आत येत होता. काकूंनी सगळा रस्ता बाळाला पदराखाली धरले. त्या काही बोलल्या नाहीत. पण बाबा त्या रात्री नीट जेवले नाहीत.

बाबा तालुक्याला जाऊन विचारून आले. काच वर-खाली करणारी मशीन दाराच्या आत असते. ती बदलायची तर मजुरीसकट दोन हजार रुपये लागणार होते. आईच्या डब्यात तेवढे पैसे होते, पण ते ताईच्या सायकलीचे होते. ताई आठवीत आहे. तिची शाळा चार किलोमीटर लांब आहे आणि ती रोज चालत जाते. ताई म्हणाली, "बाबा, आधी काच करा." मग ती भांडी घासायला निघून गेली.

शनिवारी माझा मामा आला. तो गॅरेजात काम करतो. त्याने काच दोनचार वेळा फिरवली, दाराला कान लावला आणि म्हणाला, "दाजी, मशीन मेलेली न्हाई. तिला धुळीनं धरलंय. उद्या दार खोलू."

रविवारी सकाळी आम्ही कामाला लागलो. मी बॅटरी धरून उभी होते. काचेच्या हँडलमागे एक बारीक तारेची क्लिप होती. मामाने फडक्याची कड हँडलमागे घातली आणि इकडून तिकडे ओढली. क्लिप टणकन उडाली. ती मी मातीतून शोधून वाटीत ठेवली. मग दाराचे आतले कव्हर काढले. त्याच्या मागे प्लॅस्टिकचा कागद होता. तो मामाने हळूच सोडवला.

आत पाहिले तर कात्रीसारखे दोन लोखंडी हात होते. हँडल फिरवले की दात्यांचे चाक फिरते, हात उघडतात आणि काच वर जाते. तिथले ग्रीस वाळून धुळीने काळे घट्ट झाले होते. ते पुसून मामाने नवे ग्रीस लावले.

पण आवाज तिथून येत नव्हता. काच ज्या रबराच्या खाचेतून सरकते तिथून येत होता. मामाने सांगितले की खाचेत धूळ बसली आणि रबर कोरडे पडले की काच त्याला धरते, सुटते, पुन्हा धरते, पुन्हा सुटते. हे इतके भरभर होते की त्याचाच आवाज होतो. गुरुजींचा खडू फळ्यावर कधी कधी किंचाळतो, तो पण असाच.

आजोबांनी एरंडेलाची बाटली आणली. पूर्वी ते बैलगाडीच्या आसाला एरंडेल लावायचे. मामा म्हणाला, "आबा, आसाला ते ब्येस. पण हितं तेलावर धूळ बसंल आन पुन्हा चिखल व्हईल." इंजिनाचे तेल तर मुळीच लावू नये, त्याने रबर फुगते, असेही तो म्हणाला.

मी काडीला ओले फडके गुंडाळून खाच पुसली. फडके चार वेळा काळे झाले. काचेच्या कडाही पुसल्या. सगळे वाळल्यावर मामाने खाचेत सिलिकॉनचा फवारा मारला. मग मी हँडल दहा वेळा फिरवले. काच मुकाट्याने वर गेली आणि मुकाट्याने खाली आली. आजोबा म्हणाले, "आता कळायचं कसं, काच लावली का न्हाई?" सगळे हसले.

शेवटी मामाने दाराच्या खालच्या कडेची बारीक भोके दाखवली. पावसाचे पाणी काचेवरून दारात उतरते आणि या भोकांतून बाहेर जाते. आमची भोके मातीने बुजली होती. मी तार घातली तर पेलाभर गढूळ पाणी आले. ते तसेच राहिले असते तर दार गंजले असते. प्लॅस्टिकचा कागदही नीट परत चिकटवला, कारण तो नसला तर पाणी गाडीत येते.

सगळ्या कामाला एक फवारा आणि थोडे ग्रीस एवढाच खर्च आला. डब्यातले पैसे डब्यातच राहिले. पुढच्या महिन्यात ताईची निळी सायकल आली. आता ती मला शाळेपर्यंत डबलसीट सोडते.

ज्यांच्या घरी गाडी किंवा टेम्पो आहे त्यांनी पावसाळ्याआधी दारांची भोके जरूर बघावीत. तार लागली तर माझ्याकडे आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी