दादा, पासिंग करू नकोस

पुणे, ९ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,


फोनवर हा विषय निघाला की तू "बघू" म्हणतोस आणि वहिनीच्या हातात फोन देतोस, म्हणून लिहायला बसले. डिसेंबरात तुझ्या गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होतील, आरसीची मुदत संपेल. वहिनीकडून कळलं की एकीकडे तू पुन्हा पासिंग करून घ्यायच्या विचारात आहेस आणि दुसरीकडे मुंबईच्या एका डीलरकडची चार वर्षं वापरलेली मोठी जर्मन गाडी तुझ्या मनात भरली आहे. मला दोन्ही पटत नाही. बहीण म्हणून सांगतेच आहे, पण इतकी वर्षं मोटार विम्याची सर्व्हेअर म्हणून ठोकलेल्या गाड्या आणि त्यांची बिलं पाहिली, त्या अनुभवातूनही सांगते आहे.

तू ही गाडी का घेतलीस ते मला माहीत आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या. ६५ कोटींचा व्यवहार, देशभर बातमी झाली. लेण्यांपलीकडे आपल्या गावाची ओळख नसलेल्यांना त्या दिवशी कळलं की इथे वाळूजचे कारखाने आहेत, चिकलठाण्याचे आहेत, रात्रपाळी करून मोठी झालेली माणसं आहेत. त्या यादीत तुझं नाव नव्हतं, तुझ्या कारखान्याच्या शेडचं कर्ज अजून फिटायचं होतं. दोन महिन्यांनी ते फिटलं आणि तू दुसऱ्या कंपनीची, पण त्याच तोलाची गाडी दारात आणलीस. बाबा पुढच्या सीटवर बसले आणि वाळूजपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. तो अभिमान योग्यच होता. मला तो आजही वाटतो.

आणि ती गाडी तेव्हा खरोखर वेगळी होती, नुसती महाग नव्हती. सहा एअरबॅग, घसरताना गाडी सावरणारं ईएसपी, ताशी शंभरच्या वेगातही आत हळू आवाजात बोलता येणं. त्या काळी साध्या गाड्यांत एबीएससुद्धा बहुधा वरच्या मॉडेललाच मिळायचं. ड्रायव्हरपुढची एक एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली ती थेट जुलै २०१९ मध्ये! म्हणजे तू चाळीस लाखांच्या आसपास मोजलेस त्यात कुटुंबाच्या जिवाची काळजीही होती.

पंधरा वर्षांत तो फरक भरून निघाला आहे, हे मात्र तू नीट पाहिलेलं नाहीस. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला ते पहिल्यांदाच मिळत होते. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली. आपल्या चाकणला बनणाऱ्या स्लाव्हिया आणि व्हर्टसलाही ग्लोबल एनकॅपचे पाच तारे आहेत. सहा एअरबॅग आता दहा लाखांच्या आतल्या गाडीतही येतात. पुढची गाडी अचानक थांबली तर स्वतःहून ब्रेक लावणारी यंत्रणा तुझ्या गाडीत नाही, ती आता वीस लाखांच्या आतही मिळते. ज्या गोष्टींसाठी तू तेव्हा इतके पैसे मोजलेस त्यांतल्या जीव वाचवणाऱ्या सगळ्या गोष्टी आज निम्म्या पैशांत मिळतात.

आता पासिंगचं. कायदा अडवत नाही. दिल्लीत जुन्या गाड्यांवर आली तशी बंदी महाराष्ट्रात नाही. आरटीओत गाडी दाखवायची, ५,००० रुपये फी, वर पर्यावरण कर, आणि आणखी पाच वर्षं मिळतात. एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. पण पंधरा वर्षांची गाडी, मग ती कोणत्याही कंपनीची असो, आतून म्हातारी होते. रबराचे बुश कडक होतात, इंजिनाची माउंटिंगं बसतात, कूलंटचे प्लॅस्टिकचे पाइप उष्णतेने ठिसूळ होऊन एक दिवस तडकतात. आपल्या मराठवाड्याचा उन्हाळा तर त्यांना अजिबात सोसत नाही. यांतलं काही बाहेरून दिसत नाही. रंग चकचकीत, सीटा छान, आणि सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या वेगात तापमानाचा काटा लालवर. जूनमध्ये तो रस्ता मुंबईकडच्या टोकापर्यंत खुला झाल्यापासून तू जास्त गाडी चालवायला लागला आहेस, आणि मला खरी धास्ती त्याचीच आहे.

पेट्रोलही आता ते राहिलेलं नाही. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि २०१० ची गाडी ते गृहीत धरून बनलेली नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अशा जुन्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला आहे. रबराच्या नळ्या आणि सील किती तग धरतील, ते गाडीगणिक वेगळं.

विम्याचं मात्र मी तुला सविस्तर सांगणार, कारण हे शोरूमवाला सांगत नाही आणि एजंटही सांगत नाही. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, विमा कंपनी आणि तू मिळून ठरवता. समजा तुझी तीन लाख ठरली. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते. म्हणजे सव्वादोन लाख. तुझ्या वर्गाच्या गाडीचं बंपर, एक हेडलाइट, रेडिएटर आणि फुटलेल्या दोन एअरबॅग, एवढ्यातच ती रेषा ओलांडली जाते. चौकातली साधी धडक, कुणाला खरचटलं नाही, आणि गाडी संपली. ती रेषा नाही ओलांडली तरी रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांची निम्मी किंमत घट म्हणून कापली जाते, आणि दहा वर्षांवरच्या गाडीच्या पत्र्याचीही निम्मीच. घट माफ करणारं कव्हर या वयाच्या गाडीला मिळत नाही. उरलेलं बिल मालकाच्या खिशातून जातं. असे मालक माझ्यासमोर बसून माझ्यावरच चिडतात, आणि त्यांचं चिडणं मला समजतं.

त्या मुंबईच्या गाडीबद्दल मी अधिकच ठाम आहे. नवी सत्तरची, तुला तीसला मिळते आहे, म्हणून स्वस्त वाटते. पण दादा, गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. हेडलाइट सत्तर लाखांच्या गाडीचाच घ्यावा लागेल, गिअरबॉक्सचं काम सत्तर लाखांच्या गाडीचंच असेल. एअर सस्पेन्शन असेल तर त्याच्या फुग्यांचंही आयुष्य ठरलेलं असतं. वॉरंटी संपत आलेली असताना पहिला मालक ती का विकतो आहे, याचा विचार तू तुझ्या मशीनच्या बाबतीत केला असतास. जुनं सीएनसी घेताना तू स्पिंडल उघडून पाहिल्याशिवाय सही करत नाहीस.

मग काय घ्यावं? तू एकटा चालवणार असतास तर मी दीड लिटरची व्हर्टस किंवा स्लाव्हिया म्हटलं असतं. हात बसलेल्या माणसाला ती गाडी आवडतेच. पण आईचे गुडघे बघ. तुझ्या आताच्या गाडीत ती खाली बसते आणि उतरताना वहिनीला दोन्ही हात द्यावे लागतात. सीट कमरेच्या उंचीची हवी, वाकायला नको आणि चढायलाही नको. म्हणून माझं मत टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉस हायब्रिडला. मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या, यंदा भारत एनकॅपमध्ये पाच तारे, हायब्रिड बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी. अ‍ॅव्हरेजचा दावा लिटरला २३.२४ किलोमीटरचा आहे. प्रत्यक्षात त्याहून कमी धर, तरी तुझ्या गाडीच्या दुपटीजवळ जाईल. २२ सप्टेंबरपासून मोठ्या गाड्यांवरचा २२ टक्क्यांपर्यंतचा सेस गेला आणि सरसकट ४० टक्के जीएसटी झाला, त्याचाही थोडा फायदा आहे. शिवाय याच टोयोटाने आपल्या गावाजवळच्या बिडकीनला २०,००० कोटींचा कारखाना उभारण्याचा करार २०२४ मध्ये सरकारशी केला आहे. पुढेमागे तुझ्याच शेडमधला एखादा भाग त्या गाड्यांत लागावा असं मला मनापासून वाटतं.

विजेच्या गाडीचं आपला आदित्य म्हणत होता. जीएसटी फक्त पाच टक्के, आणि तुझ्या शेडवर सोलर आहेच, त्यामुळे त्याचं म्हणणं चूक नाही. घरात दुसरी गाडी घ्याल तेव्हा ती जरूर घ्या. आईला घेऊन लांब जायच्या एकुलत्या गाडीसाठी मला अजून हायब्रिड बरी वाटते.

काही गोष्टी तुला जाणवतील, त्या आधीच सांगते. दार लावल्यावर येणारा तो भरीव आवाज नव्या गाडीत नसेल. टायरचा आवाज आत थोडा जास्त येईल. खड्ड्यातून जाताना तुझी आताची गाडी जशी रस्त्याला चिकटून राहते तशी ही राहणार नाही. त्या इंजिनिअरिंगला तोड नव्हती आणि ते मी मान्य करते. क्लबच्या पार्किंगमध्ये चावी देताना मनाला थोडं लागेलही. पण तुझं नाव आता गाडीवरून कुणी ओळखत नाही, तुझ्या मालाच्या खात्रीवरून ओळखतात, आणि ती खात्री तू वीस वर्षांत स्वतः कमावली आहेस.

जुनी गाडी विकताना एक गोष्ट पक्की कर. पैसे हातात आले म्हणून सुटलो असं समजू नकोस. आरसीवरचं नाव बदलेपर्यंत अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. नाव बदलायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म कोरेच सही करून डीलरच्या हातात ठेवू नकोस. नाव बदललेली आरसी डोळ्यांनी पाहा. आणि विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र मागून घे. तू इतकी वर्षं एकही क्लेम केलेला नाहीस, तो बोनस तुझा आहे, गाडीचा नाही. नव्या गाडीच्या ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात पन्नास टक्क्यांपर्यंत सूट मिळेल. धड गिऱ्हाईक आलं नाही तर अधिकृत स्क्रॅप केंद्रात दे. त्यांच्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते.

मुंबईच्या डीलरला या आठवड्यातच नाही म्हणून कळव, बयाणा देऊ नकोस. पुढच्या रविवारी आईला घेऊन शोरूममध्ये जा आणि कुणाचा हात न धरता तिला मधल्या सीटवर चढू-उतरू दे. तिला जमलं तर बुकिंग करून टाक.

तुझी,
मनू