मोटारीची कात

मनुष्यानें वस्त्र बदललें तर त्यास कोणी कांहीं विचारीत नाहीं, परंतु मोटारीनें रंग बदलला कीं शेजारीपाजारी थबकतात, आणि "सर, नवी घेतली वाटतें?" असा प्रश्न येतो. गेल्या वर्षीं हा प्रश्न आम्हांस इतके वेळां विचारण्यांत आला कीं त्याचें सविस्तर उत्तर या अंकांतून एकदांच देऊन टाकावें असें आम्हीं योजिलें आहे. वर्गांतील मुलांच्याही शंका पुष्कळ होत्या. त्यांचेंही समाधान येथें होईल.

गाडी नवी नाहीं. ती १९९७ सालची मारुती ८०० असून आमच्या दिवंगत वडील बंधूंनीं ती कोरी विकत घेतली होती. या जातीची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजीं दिल्लींत गिऱ्हाइकाच्या स्वाधीन झाली व जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. त्या तीस वर्षांत मध्यम स्थितींतील कित्येक कुटुंबांनीं स्वतःच्या मोटारीचें सुख प्रथम अनुभविलें तें हिच्यांतच. दादांनीं पसंत केला तो रंग लाल. २०२१ सालीं दादा गेले. वहिनींस गाडी चालवितां येत नाहीं; पुतण्यास मात्र नोकरीनिमित्त रोज साखर कारखान्यावर जावें लागतें. गाडीचें यंत्र उत्तम. पंधरा वर्षें उलटल्यावर दर पांच वर्षांनीं नोंदणीचें नूतनीकरण करावें लागतें, तेंही तीन वेळां झालेलें. दुखणें होतें तें कातडीचें.

देशावरचें ऊन कोणाची भीड राखीत नाहीं. रंग म्हणजे राळेसारख्या द्रव्यांत बसविलेले रंगद्रव्याचे सूक्ष्म कण. सूर्यप्रकाशांतील जंबुपार किरण त्या राळेचें बंधन हळूहळू तोडतात; कण सुटे होतात व वर भुकटी जमते. इंग्रजींत या क्रियेचें नांव खडूवरूनच पडलें आहे, आणि ज्याच्या अंगरख्याच्या बाह्या नित्य खडूनें माखलेल्या असतात अशा आम्हां शिक्षकांस तें विशेष पटतें. हल्लींच्या गाड्यांवर रंगाच्या वरती एक पारदर्शक थर असतो. तो हा मारा आधीं आपल्या अंगावर घेतो. जुन्या साध्या रंगांस पुष्कळदां तो नसे. शिवाय छत आणि बॉनेट आकाशाकडे तोंड करून असल्यामुळें तीं आधीं जातात, दारें मागाहून. दादांच्या गाडीचें छत गुलाबी झालें होतें. फडकें फिरविलें कीं फडकेंच लाल होई.

सरळ उपाय म्हणजे पुन्हां रंग देणें. आमच्याकडचे मिस्त्री यास अद्याप 'ड्युको मारणें' म्हणतात. ड्युको हें अमेरिकेंतील ड्युपाँ कंपनीच्या रोगणाचें नांव. १९२४ सालच्या ओकलंड मोटारींवर तें आलें, आणि ज्या कामास पूर्वीं आठवडे लागत तें तासांवर आलें. रोगण केव्हांच मागें पडलें, नांव मात्र आमच्या गॅरेजांतून राहिलें आहे. असो. नवा रंग टिकावयाचा तर जुना घासून काढावा लागतो, आणि अडचण आली ती येथेंच. पुतण्यानें हा बेत सांगितला तेव्हां वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं आम्हांस बोलावून घेतलें. "भावोजी," त्या म्हणाल्या, "दर शनिवारीं संध्याकाळीं ते दारें पुसायचे. तो त्यांचा हात आहे. तो घासूं नका."

इकडे पुतण्याचेंही म्हणणें खोटें नव्हतें. "काका," तो म्हणाला, "मीं रोज बाबांच्या फोटोंत बसून कामाला जायचें का?"

दोघांचेंही ऐकून घेणारा एकच मार्ग होता, तो म्हणजे रंग न काढतां वरून आवरण घालणें. साप कात टाकतो तेव्हां जुनी वरची जाते व नवी खालची राहते. या आवरणाची रीत उलटी आहे. नवें वर बसतें, पुढें तेंच सोलून टाकावयाचें, आणि जुनें खालीं जसेंच्या तसें राहतें.

असें आवरण दोन प्रकारचें मिळतें. पहिला प्रकार फवाऱ्याचा. यांत कृत्रिम रबरासारखें द्रव्य द्रावकांत विरघळवून फवारतात. द्रावक उडून गेला कीं रबरी पापुद्रा उरतो. यांतील 'प्लास्टी डिप' हें प्रसिद्ध द्रव्य मुळांत पकडी व पान्यांच्या मुठींवर रबरी म्यान चढविण्यासाठीं निघालें. पुतण्यानें याचे दोन डबे आणून चाकांच्या टोप्यांवर प्रयोग केला, आणि तो प्रयोगशाळेंतही शोभला असता. एका टोपीवर दोन हात दिले, दुसरीवर सहा. आठ दिवसांनीं सोलूं जातां पहिलीवरचा थर नखानें खरवडावा लागून त्याचा चुरा झाला. दुसरीवरचा एका तुकड्यानें अखंड निघाला. पातळ थरास स्वतःचें बळ नसतें, हेंच त्याचें कारण. परंतु पेट्रोलचा ओघळ लागला कीं हा पापुद्रा मऊ पडतो, आणि फवारतांना द्रावकाची वाफ ज्वालाग्राही व फुप्फुसांस अपायकारक असते. मुलांनीं हा उद्योग बंद खोलींत कदापि करूं नये.

दुसरा प्रकार विनाइलच्या फिल्मचा. पॉलिव्हिनाइल क्लोराइड हा पदार्थ मूळचा कडक व ठिसूळ. १९२६ सालीं अमेरिकेंतील गुडरिच कंपनींत वॉल्डो सेमन यांनीं त्यांत दुसरें द्रव्य मिसळून तो मऊ केला. फिल्म करण्याच्या रीती दोन आहेत, आणि त्या आम्हीं स्वयंपाकघराच्या भाषेंत समजून घेतल्या. एक रीत पोळीची. तापलेल्या रुळांमधून पदार्थ लाटून पातळ करावयाचा. लाटलेली पोळी जशी पोळपाटावर थोडी आक्रसते, तशी ही फिल्मही पुढें कडांवरून मागें सरते, कारण ताण तिच्या अंगांत राहिलेला असतो. दुसरी रीत आंबापोळीची. द्रव ओतून, पसरून, उष्णतेनें सुकवावयाचा. तिला कोणी ताणलेलें नसतें, म्हणून ती वळणांवर मुकाट्यानें बसते. मोटारीच्या गोलाईस ही दुसरीच योग्य, आणि अर्थातच ती महाग. एका दुकानदारानें लाटलेली फिल्म ओतीव म्हणून आमच्या गळ्यांत बांधावयाचा घाट घातला होता. पाठीवरच्या कागदावर कारखानदाराचें नांव व प्रकार छापलेला असतो, तो वाचून दाखवितांच गृहस्थ दुसरीकडे पाहूं लागले.

रंग कोणता? पुतण्याच्या मनांत लष्करी हिरवा होता. परंतु १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ व्या नियमानें तो रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठीं राखून ठेविला आहे. अखेर गडद निळा ठरला. नोंदणीपत्रांत रंग लिहिलेला असल्यामुळें परिवहन कार्यालयांत आधीं अर्ज केला व ती नोंद बदलून घेतली. पालकांनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें. चौकशीच्या वेळीं गाडी निळी आणि कागद लाल असला तर खुलासे करीत बसावें लागतें.

कारागिरानें गाडी पाहिली आणि छतावर नख फिरवून मान हलविली. ज्या रंगाची पत्र्यावरील पकड सुटली आहे त्यावर फिल्म लावली तर ती भुकटीला चिकटते, पत्र्याला नव्हे. आणि काढतांना उरलासुरला रंगही घेऊन जाते. छत व बॉनेट घासून रंगविल्यावांचून गत्यंतर नव्हतें. हें वहिनींस कसें सांगावें या विवंचनेंत आम्ही होतों. त्यांनीं ऐकून घेतलें व म्हणाल्या, "तें उन्हानें कधींच नेलें, भावोजी. दारें राहूं द्या." त्याप्रमाणें तेवढाच भाग रंगविला, आणि ताज्या रंगांतील द्रावक पुरता निघून जावा म्हणून कित्येक आठवडे थांबलों.

पुढचें काम चार दिवसांचें. त्यांतले दोन नुसते धुण्यांत व पुसण्यांत गेले. धुळीचा एक कण राहिला तरी तो फिल्मखालीं मोहरीसारखा वर येतो. फिल्मची जाडी ती काय, सुमारें मिलिमीटरचा दहावा भाग! तिच्या चिकट बाजूवर बारीक चर असतात, त्यांतून हवा बाहेर निसटते. गरम हवेच्या यंत्रानें ती मऊ करून, लोकरी कडेच्या पट्टीनें मधून कडेकडे दाबीत जावयाचें. खोलगट जागीं बसविलेला भाग शेवटीं नव्वद अंशांपलीकडे तापवितात, म्हणजे ती आपला मूळ सपाटपणा विसरते.

मागच्या डाव्या दारावर एक पोचा होता. गाडी नवी असतांना दादांनीं ती फाटकाच्या खांबावर घातली होती. कारागीर लांबी भरून तो सपाट करणार होता. वहिनींनीं नको म्हटलें. फिल्म पोच्यांत बरोबर उतरली. दुपारीं तो दिसत नाहीं. उन्हें कललीं कीं निळ्यावर एक काळी वाटी दिसते.

काळजी घेतल्यास दारांवरची फिल्म पांचएक वर्षें टिकेल, बॉनेटवरची त्याआधीं फिकी पडेल, असें कारागिरानें सांगितलें आहे. तोंवर खालच्या लाल रंगास ऊन लागणार नाहीं. फिल्म बाहेरच्या अंगासच लावलेली आहे. दार उघडलें कीं आंतली चौकट अजून लालच दिसते. तीही झांकून देण्याचे कारागिरानें वेगळे पैसे सांगितले होते. वहिनी तेव्हां तेथें नव्हत्या. पुतण्याच नको म्हणाला.