ओपांची मोटरसायकल झोपली आहे!

"आत्या, हळू बोल हं. ओपांची मोटरसायकल झोपली आहे!"

माझ्या बारा वर्षांच्या भाच्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि मी हसू दाबत त्या गॅरेजमध्ये पाऊल टाकलं. बाहेर गुडघाभर बर्फ. आत मात्र कोरडं, स्वच्छ आणि तेलाचा वास भरलेला. मधोमध सुती चादर पांघरून खरंच कुणीतरी निजल्यासारखं दिसत होतं. चादरीखालून चाकाचा एक तुकडा तेवढा डोकावत होता.

मित्रांनो, ही गोष्ट पुण्यातली नाही बरं का! आपल्याकडे थंडी पडली की आपण काय करतो? स्वेटर, कानटोपी, हातमोजे चढवतो आणि किक मारून निघतो. ही गोष्ट आहे जर्मनीतल्या पासाऊ या गावाची. देशाच्या अगदी आग्नेय कोपऱ्यात, ऑस्ट्रियाच्या सीमेला टेकून हे गाव वसलं आहे. आपल्या कराडला कृष्णा-कोयना भेटतात ना, तशा इथे डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या एकमेकींना भेटतात. माझा भाऊ नोकरीसाठी इथे राहतो. त्याच्याकडे मी एका हिवाळ्यात महिनाभर राहिले होते.

शेजारच्या घरात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. गल्लीतली सगळी मुलं त्यांना 'ओपा' म्हणतात. जर्मन भाषेत ओपा म्हणजे आजोबा. ओपांकडे चाळीस वर्षांची जुनी बीएमडब्ल्यू मोटरसायकल आहे. आणि आमचे चिरंजीव त्यांचे पट्टशिष्य!

मी विचारलं, "पण ती झोपते कशाला? चालवायची की थंडीत."

ओपा जर्मनमध्ये सांगू लागले आणि भाचा मराठीत. त्याचं मराठी अधूनमधून जर्मन वळण घ्यायचं, पण सगळं कळत होतं.

पहिला शत्रू वारा. हवा शून्य अंशावर असताना तुम्ही ताशी 50 किलोमीटर वेगानं निघालात, तर उघड्या कातडीला ती उणे 8 अंशांसारखी बोचते. बोटं बधिर होतात, आणि पुढचा ब्रेक तर बोटांनीच दाबायचा असतो! दुसरी गोष्ट टायरची. थंडीत रबर कडक होतं आणि रस्त्यावरची पकड कमी होते. तिसरं म्हणजे मीठ. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. खारं पाणी साध्या पाण्याइतकं लवकर गोठत नाही ना, म्हणून. पण तेच मीठ साखळीला आणि लोखंडी भागांना गंज चढवतं. आणि चौथा शत्रू सगळ्यात लबाड, तो म्हणजे रस्त्यावर साचलेला बर्फाचा पातळ, पारदर्शक थर. खालचा काळा डांबरी रस्ता त्यातून जसाच्या तसा दिसतो. तुम्हाला वाटतं रस्ता नुसता ओला आहे, आणि चाक सटकतं.

म्हणून इथले बहुतेक मोटरसायकलवाले नोव्हेंबर आला की आपली गाडी निजवतात. पण निजवणं म्हणजे कोपऱ्यात ढकलून देणं नव्हे! आधी ती धुवायची, पूर्ण कोरडी करायची. इंजिनाचं जुनं तेल काढून नवं घालायचं. साखळीला वंगण द्यायचं. पेट्रोलची टाकी काठोकाठ भरायची. का? तर टाकी रिकामी राहिली, की आतल्या हवेतल्या वाफेचं थंडीनं पाणी होतं आणि टाकीला आतून गंज चढतो. उंदरांनी घरटं करू नये म्हणून धुराच्या नळीच्या तोंडाशी फडक्याचा बोळा कोंबायचा. बॅटरी काढून घ्यायची आणि अधूनमधून चार्ज करायची. भरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही टिकते, पण उतरलेली बॅटरी शून्याच्या थोडं खाली गेलं तरी गोठू शकते.

"आणि हे माझं काम!" भाच्यानं भिंतीवर टांगलेली एक वही काढून दाखवली. गाडीचं सगळं वजन टायरच्या एकाच जागेवर राहिलं तर तो तिथे चपटा होतो. म्हणून दर पंधरवड्याला जमिनीवर टेकलेलं चाक थोडंसं फिरवायचं, टायरमधली हवा तपासायची आणि वहीत तारीख घालून सही करायची. नोव्हेंबरपासून एकही पंधरवडा चुकला नव्हता. शाळेच्या गृहपाठाचं असं असतं तर!

ते सगळं पाहताना मला आमचं कोकण आठवलं. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की कोळी लोक होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, शाकारून ठेवतात. मग जाळी विणायची, फळ्या तपासायच्या, इंजिनं दुरुस्त करायची. समुद्र बंद, पण काम चालूच.

गाडी झोपली तरी मंडळी काही झोपत नाहीत. दर गुरुवारी संध्याकाळी गावातल्या एका खानावळीत ओपांची मित्रमंडळी जमतात. टेबल ठरलेलं, खुर्च्या ठरलेल्या. एकदा ओपा आम्हालाही घेऊन गेले. टेबलावर भला मोठा नकाशा पसरला होता आणि सहा पांढरी डोकी त्यावर वाकली होती. बेत चालला होता ऑस्ट्रियातल्या ग्रोसग्लॉकनर रस्त्याचा. आल्प्स पर्वतातून जाणारा हा 48 किलोमीटरचा रस्ता 1935 साली सुरू झाला. त्याला 36 अवघड वळणं आहेत. हिवाळ्यात तो बर्फाखाली गाडला जातो आणि साधारण मे महिन्यात उघडतो. म्हणजे बेत चार महिने आधीच! कुठे थांबायचं, कुठे जेवायचं, यावर भांडणंसुद्धा झाली. त्यातल्या दोघांना मार्चमध्ये इन्सेल या गावी बर्फावरच्या मोटरसायकल शर्यती पाहायला जायचं होतं. या शर्यतींतल्या गाड्यांच्या टायरांना जवळजवळ तीन सेंटीमीटर लांबीचे टोकदार खिळे असतात, आणि ब्रेक मुळीच नसतो! ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला.

आणि मग तो रविवार उजाडला. आठवडाभर ढगांत दडलेला सूर्य एकदम बाहेर आला. आकाश निळंशार. रस्ते कोरडे दिसत होते. भाचा धावतच ओपांकडे गेला. त्याच्यामागून मी.

"ओपा, काढू या ना गाडी! फक्त पुलापर्यंत. पाच मिनिटं!"

"नाही."

"मी वहीत एकदाही चुकलो नाही. मग एवढंसुद्धा नाही?"

त्याचा आवाज रडवेला झाला होता. खरं सांगू? मलाही वाटलं, काय हरकत आहे? पाच मिनिटांनी काय होतंय?

ओपांनी चादर उचलली आणि मागची नंबरप्लेट दाखवली. तिच्या उजव्या टोकाला वर 04 आणि खाली 10 असे आकडे होते. म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर. जर्मनीत 1997 पासून अशी हंगामी नंबरप्लेट मिळते. जेवढे महिने गाडी चालवायची, तेवढ्याच महिन्यांचा कर आणि विमा भरायचा. पण मग उरलेल्या महिन्यांत ती गाडी रस्त्यावर चालवायचीही नाही आणि उभीसुद्धा करायची नाही.

"कोण बघतंय?" भाचा पुटपुटला.

ओपा रागावले नाहीत. स्टुलावर बसले आणि त्यांनी आपल्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. मग जे सांगितलं, ते भाच्यानं मला हळू आवाजात, अडखळत मराठीत सांगितलं.

ओपा तेव्हा तेवीस वर्षांचे होते. फेब्रुवारीतला असाच उन्हाचा दिवस. मित्राला मागे बसवून ते निघाले. फक्त पुलापर्यंत! रस्ता कोरडा होता, पूल मात्र नव्हता. रस्त्याला खालून जमिनीची ऊब मिळते. पुलाला वरून थंड हवा आणि खालूनही थंड हवा, म्हणून पूल आधी गोठतो आणि उशिरा मोकळा होतो. चाक सटकलं. ओपांचा गुडघा मोडला. मित्र वाचला, पण पाच महिने अंथरुणाला खिळून होता.

"त्याच्या आईला काय सांगायचं, हे मला तेव्हा सुचलं नाही. अजूनही सुचत नाही," ओपा म्हणाले.

गॅरेजमध्ये कुणीच बोललं नाही. थोड्या वेळानं भाच्यानं चादर नीट सरळ केली.

पुढच्या शनिवारी मात्र ओपांनी आम्हाला एक अजब जत्रा दाखवली. पासाऊच्या उत्तरेला बव्हेरियन फॉरेस्ट हा डोंगराळ, जंगलांचा भाग आहे. तिथे थुर्मान्सबांग गावाजवळ जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतो 'हत्तींचा मेळावा'. हत्ती म्हणजे मोटरसायकली हं! पूर्वी जर्मनीत त्सुंडाप कंपनीची केएस 601 ही दणकट, हिरव्या रंगाची मोटरसायकल मिळायची. लोक तिला 'हिरवा हत्ती' म्हणत. अर्न्स्ट लेव्हरकुस या पत्रकारानं 1956 साली हे हत्तीवाले भर हिवाळ्यात स्टुटगार्टजवळ एकत्र बोलावले. तेव्हा मोजकेच लोक आले होते. आता कुठलीही मोटरसायकल घेऊन हजारो लोक येतात. 1989 पासून मेळावा या जंगलात भरतो.

आम्ही भावाच्या मोटारीनं गेलो, ती लांब उभी केली आणि चालत निघालो. समोर कढईसारखी खोलगट दरी. तिच्या उतारांवर बर्फात शेकडो तंबू, जागोजागी शेकोट्या, आणि धूरच धूर. काही गाड्यांना शोलेमधल्या जय-वीरूच्या गाडीसारखी साइडकार होती. तीन चाकं असली की गाडी कलंडत नाही, म्हणून बर्फात तिला मान! काहींच्या चाकांना साखळ्या बांधलेल्या. बर्फावर पेंढ्याचा जाड थर, त्यावर तंबू. इटलीहून आलेला एकजण मेंढीचं कातडं पांघरून भल्या मोठ्या पातेल्यात काहीतरी रटारटा शिजवत होता. त्यानं आम्हालाही वाटीभर सूप दिलं.

भाच्यानं बराच वेळ विचार केला आणि मग नेमका प्रश्न विचारला. "ओपा, हे लोक तर थेट बर्फातून आले. मग आपणच का नाही?"

ओपांनी त्या इटालियन माणसाच्या गाडीकडे बोट दाखवलं. साखळ्या, फावडं, हँडलवर बसवलेले जाड हातमोजे, दोन झोपायच्या पिशव्या.

"हे थंडीची तयारी करून निघालेत. मी त्या दिवशी उन्हाला भुलून निघालो होतो. फरक एवढाच."

परतताना भाचा गप्प होता. घरी आल्यावर तो आधी गॅरेजमध्ये गेला. पंधरवडा त्याच दिवशी भरत होता.

मी पुण्याला परतले. माझी स्कूटर सोसायटीच्या आवारात झाडाखाली धुळीनं माखून उभी होती. कधी नव्हे ते मी तिचे टायर पाहिले. मागचा अगदी गुळगुळीत झाला होता. त्याच टायरवर मी आदल्या पावसाळ्यात शेजारच्या मुलीला मागे बसवून क्लासला सोडत होते! दुसऱ्या दिवशी तो बदलला आणि ब्रेकही तपासून घेतले.

एप्रिलमध्ये भावानं फोनवर दोन फोटो पाठवले. पहिल्यात चर्चसमोर मोटरसायकलींची रांग होती. बव्हेरियात वसंत ऋतूत, नवा हंगाम सुरू होताना, गावोगावी धर्मगुरू मोटरसायकलींवर पवित्र पाणी शिंपडतात आणि प्रवास सुखाचा होवो म्हणून प्रार्थना करतात. आपला दसराच की! फक्त झेंडूची माळ तेवढी हवी होती. रांगेत ओपा होते, आणि मागच्या सीटवर हेल्मेट घातलेले आमचे चिरंजीव.

दुसरा फोटो वहीच्या पानाचा होता. खाली सही आणि वर, जरा वाकड्यातिकड्या मराठी अक्षरांत, खास आत्यासाठी लिहिलेलं एक वाक्य:

"1 एप्रिल. आज तिला उठवली. पहिल्या हाकेला उठली!"