ब्रिस्टलचा रस्ता आणि बाबांची पट्टी

पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गहून इंटरस्टेट ८१ धरून दक्षिणेला निघालं, की दोनेक तासांत चार राज्यांची माती लागते. पेनसिल्व्हेनिया सोडल्यावर मेरीलँड जेमतेम १२ मैल, वेस्ट व्हर्जिनिया २६ मैल आणि मग व्हर्जिनिया तब्बल ३२५ मैल. व्हर्जिनिया संपते तिथे ब्रिस्टल. बेळगावहून आई-बाबा आले होते, तेव्हा त्यांना घेऊन आम्ही याच वाटेने टेनेसीतल्या स्मोकी माउंटन्सला गेलो.

निघण्याआधी एक काम होतं. माझ्या गाडीत रडार डिटेक्टर आहे. पोलिसांचं वेग मोजणारं रडार जवळ असलं, की हे छोटं यंत्र त्याच्या लहरी पकडून आवाज करतं. त्याला पुढचा रस्ता काचेतून सरळ 'दिसावा' लागतो आणि ते आडवं, समपातळीत बसावं लागतं. पण काचेला चिकटणारे रबरी कप उन्हाने सैल होतात, थंडीने कडक होतात आणि यंत्र धपकन डॅशबोर्डवर पडतं.

बाबांनी हार्डवेअरच्या दुकानातून अॅल्युमिनियमची इंचभर रुंद पट्टी आणायला लावली. टेबलाच्या कडेवर हातोडीने ठोकून ती काटकोनात वाकवली, कानशीने कडा घासल्या. मधल्या आरशाच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून त्यावर पाण्याच्या पाइपला लावतात तसली स्टीलची क्लिप आवळली. पट्टीवर यंत्र बसवायला हाताने फिरवता येणारा एक स्क्रू. सगळं आरशाच्या मागे, समोर बघायला कसलाच अडथळा नाही. काढायला अर्धा मिनिट.

काम झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे नेमकं कशासाठी रे?"

"पुढे पोलीस असले तर आधी कळतं."

"मग पोलिसाला चुकवायचं यंत्र म्हण की सरळ!"

मी हसलो, पण उत्तर दिलं नाही.

वाटेत यंत्र बरंच ओरडलं. बहुतेक वेळा पोलीस नव्हतेच. दुकानांची आपोआप उघडणारी दारं आणि शेजारच्या गाड्यांतले सेन्सरही त्याच २४ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात, त्यामुळे यंत्र फसतं. दरवेळी आई दचकायची.

व्हर्जिनियाच्या पाच मैल अलीकडे, इनवूडला आम्ही थांबलो. खासगी गाडीत हे यंत्र बाळगायला बंदी असलेलं देशातलं एकमेव राज्य व्हर्जिनिया. राजधानी वॉशिंग्टनमध्येही तीच बंदी. यंत्र बंद करून खिशात ठेवलं तरी चालत नाही. वीज तोडलेली हवी आणि ते गाडीतल्या कुणाच्याही हाताशी नको. बाबांनी स्क्रू फिरवला, यंत्र डब्यात घातलं आणि डिकीत बॅगांच्या तळाशी ठेवलं.

या राज्यात वेगाचे नियमही कडक. मर्यादेपेक्षा ताशी २० मैल जास्त किंवा ८५ मैलांच्या वर गेलात, तर तो साधा दंड नसून फौजदारी गुन्हा ठरू शकतो. व्हिसावर राहणाऱ्या माझ्यासारख्याला असा गुन्हा पुढच्या प्रत्येक अर्जात लिहीत बसावा लागतो. ७० मैलांवर क्रूझ कंट्रोल लावला आणि पाय मोकळा सोडला.

मग शेनान्डोआचं खोरं दिसायला लागलं. डावीकडे ब्लू रिजचे निळसर डोंगर, उजवीकडे अ‍ॅलेगेनीच्या रांगा, मधे लाल कोठारं आणि गवताचे गोल भारे. आई म्हणाली, "आंबोलीकडे जाताना असंच वाटतं." लेक्सिंग्टनच्या पुढे नॅचरल ब्रिज पाहिला. २१५ फूट उंचीची दगडी कमान, आणि तिच्या माथ्यावरून चक्क हमरस्ता जातो. खाली उभं राहून ते खरं वाटत नाही.

संध्याकाळी ब्रिस्टल. इथला मुख्य रस्ता, स्टेट स्ट्रीट, हीच दोन राज्यांची हद्द. रस्त्याच्या मधोमध पितळी खुणा ठोकल्यात. उत्तरेची दुकानं व्हर्जिनियात, दक्षिणेची टेनेसीत. गावाचं नाव एकच, पण महापौर दोन, पोलीसही दोन. पश्चिमेकडे जाणारी गाडी व्हर्जिनियात असते, तिथे माझं यंत्र बेकायदा. तीच गाडी वळून पूर्वेकडे निघाली की टेनेसीत, तिथे चालतं. शिनोळी ओलांडली की पाट्या बदलतात हे बघत वाढलेले आम्ही, पण हद्दीवर एक पाय इकडे एक तिकडे ठेवून बाबा फोटोला उभे राहिले, ते अगदी लहान मुलासारखे. डोक्यावर गावाची दिव्यांची जुनी कमान उजळली होती.

दुसऱ्या दिवशी टेनेसीत मी डिकी उघडली. बाबा म्हणाले, "राहू दे की. काल काय अडलं?"

खरंच काही अडलं नव्हतं. पट्टीवर मी फोन बसवला, नकाशा लावला आणि निघालो. अजूनही तिथे फोनच असतो.

तुमच्यापैकी कुणी शिकायला किंवा नोकरीला इकडे आलात, तर हा रस्ता जरूर करा. ब्रिस्टलला गाडी बाजूला लावा आणि स्टेट स्ट्रीटवरून एक फेरी पायी मारा.