धुरकट काच



हिवाळी अंकासाठी प्रत्येक घराने काहीतरी उपयोगी लिहायचं असं मंडळाच्या बैठकीत ठरलं. कुणी गाडीच्या बॅटरीवर लिहिणार, कुणी तिळगुळाच्या पाकावर. आमच्या वाट्याला खिडक्यांच्या काचा आल्या. "तुमच्या घरात रसायनशास्त्राची डॉक्टरेट आहे, तेव्हा हे तुम्हीच लिहा," असं सांगण्यात आलं. त्या डॉक्टरेटची या बाबतीत काय शोभा झाली ते आधी सांगतो, कृती मागाहून देतो.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरअखेर सांगलीहून आई आली. तिची इथली पहिलीच थंडी. आमचं अपार्टमेंट प्लिमथ रोडजवळ, बस जाते त्या रस्त्याला लागून, तळमजल्यावर. सकाळी आठच्या आत आम्ही दोघं कामावर आणि मुलगी शाळेत. मग चार वाजेपर्यंत घरात आई एकटी. पुढच्या खोलीच्या खिडकीशी तिने खुर्ची ओढून घेतली होती. संध्याकाळी आम्हाला सगळा वृत्तांत मिळायचा: टपालगाडी किती वाजता आली, खारीने काय पळवलं, समोरच्या इमारतीतली बाई कुत्र्याला कोट घालून कशी फिरवते. सांगलीला तिला ओटा होता, इथे खिडकी होती.

जानेवारीत हा वृत्तांत हळूहळू बंद पडला. खुर्ची सोफ्याच्या बाजूला सरकली. पोथी उघडलेली असायची, पण पान तेच. आम्ही समजलो, थंडीने कंटाळली. तिच्यासाठी जाड गालिचा आणला, हीटर दोन अंशांनी वाढवला. मग एका शनिवारी सकाळी चहा पिता पिता ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "मला आता लांबचं धुरकट दिसतं. गेले तीन आठवडे. काही घाबरू नका, सांगलीला गेल्यावर बघू."

तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आदल्या मे महिन्यात मिरजेला झालं होतं. त्यानंतर काही महिन्यांनी नव्या भिंगामागचा पडदा धुरकट होऊ शकतो, हे आम्ही वाचलेलं होतं. लेझरने तो त्रास दूर होतो, हेही माहीत होतं. पण तीन आठवडे ती बोलली का नाही? विचारल्यावर आधी "तुम्ही दमून येता" वगैरे झालं. मग खरं कारण बाहेर आलं. तिच्या विम्याचे कागद वाचताना जुन्या दुखण्याचा खर्च त्यात बसत नाही, असं आम्ही आपसात बोललो होतो. ते तिने स्वयंपाकघरातून ऐकलं होतं.

आम्ही दोघं गप्प झालो. मग आमच्यापैकी एकाचं लक्ष त्या खिडकीकडे गेलं. जानेवारीत इथे आठच्या सुमारास उजाडतं आणि साडेपाचच्या सुमारास मावळतं. आम्ही अंधारात जायचो, अंधारात यायचो. शनिवार-रविवार वाणसामान आणि कपडे धुण्यात जायचे. त्या काचेतून दिवसाउजेडी आम्ही कितीतरी दिवसांत बाहेर पाहिलंच नव्हतं. पाहिलं तर समोरची इमारत ताकातून पाहावी तशी दिसत होती.

ताबडतोब निळ्या द्रावाची बाटली घेऊन आम्ही बाहेर गेलो. तापमान होतं १८ फॅरनहाइट. द्राव फवारला, कागदाने पुसायला लागलो, आणि डोळ्यांदेखत काचेवर बर्फाची नक्षी उमटली. खालचं मीठ तिच्यात कालवलं गेलं. आतून आई म्हणाली, "आता तर काहीच दिसेना!" डॉक्टरेटची शोभा झाली ती ही.

आत आलो, आईला कोट चढवला, वरून शाल गुंडाळली आणि खिडकीच सताड उघडली. "समोरच्या इमारतीचा नंबर वाच." आईने एक डोळा झाकला आणि चारही आकडे वाचले. दुसरा झाकला, पुन्हा वाचले. वर दाराशी नाताळची लाल फीत अजून लटकते आहे, हेही सांगितलं. गार वारा घरात शिरत होता, पण खिडकी बंद करायचं कुणाला सुचेना. "म्हणजे माझा डोळा चांगला आहे," ती म्हणाली, आणि मग पदराने डोळे पुसले.

तर आता कृती. काचेवरची घाण तीन ठिकाणी असते आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे.

बाहेरची घाण मुख्यत: मिठाची. डेट्रॉईट शहराखाली हजार-बाराशे फुटांवर मिठाची खाण आहे, आणि रस्त्यावरचा बर्फ वितळवायला असंच खाणीतलं मीठ टाकतात. गाड्यांच्या चाकांनी ते पाणी उडतं, काचेवर वाळतं आणि मीठ मागे राहतं. मीठ पाण्यात विरघळतं, अल्कोहोलमध्ये जवळजवळ नाही. म्हणून तापमान ३२ फॅरनहाइटच्या वर जाईल अशी दुपार निवडा. मऊ ब्रशने कोरडी धूळ झाडा, मग कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसा. उकळतं पाणी वापरू नका, गार काच तडकते. थांबणं शक्यच नसेल तर पाणी आणि दुकानात मिळणारं ७० टक्क्यांचं रबिंग अल्कोहोल समसमान घ्या, त्यात भांड्याच्या साबणाचे दोनच थेंब टाका. हे मिश्रण १० फॅरनहाइटपर्यंत सहसा गोठत नाही. पण ते पेट घेतं, तेव्हा शेगडीजवळ नको. फडकं भरपूर ओलं ठेवा, म्हणजे त्यातल्या पाण्याने मीठ सुटेल. गाडीच्या काचेचा द्राव घरात आणू नका, त्यात बहुधा मिथेनॉल असतं आणि ते विष आहे.

ओघळ राहतात ते द्राव कमी पडला म्हणून नव्हे, जास्त झाला म्हणून. साबण वाळला की त्याचा थर उरतो. द्राव वाळायच्या आत रबरी पट्टीने वरून खाली ओढून घ्यावा आणि दर ओढीनंतर पट्टी पुसावी. ही पट्टी आजच्या रूपात आणली ती १९३६ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये, एत्तोरे स्टेकोने या काचा पुसणाऱ्याने. तोही आपल्यासारखाच बाहेरून आलेला, इटलीचा.

आतली घाण आपल्या स्वयंपाकाची. फोडणीचा तेलकट धूर काचेवर बसतो आणि कुकरची वाफ त्यावर थिजते. घरात ६८ फॅरनहाइट आणि ४० टक्के दमटपणा असेल, तर ४३ फॅरनहाइटच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव जमतं. कडाक्याच्या थंडीत काच त्याहून गार होते. म्हणून वरचा पंखा चालवा, दमटपणा ३०-३५ टक्क्यांवर आणा, दिवसा पडदे उघडे ठेवा. नाहीतर पाणी चौकटीत उतरून काळी बुरशी धरते. तेलकटपणाला तेच साबणाचे दोन थेंब पुरतात. पांढरे कडक डाग आपल्या नळाच्या पाण्यातल्या चुन्याचे, त्यांवर व्हिनेगर. अमोनियाच्या द्रावात ब्लीच मात्र कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

तिसरी घाण दोन काचांच्या मधली. तिथलं सील गेलं की आत ओल शिरते. ती कशानेही पुसली जात नाही, घरमालकाला कळवून काच बदलून घ्यावी लागते. आमच्या खिडकीचा एक कोपरा तसाच निघाला.

आणखी एक युक्ती. आतून आडवं पुसा, बाहेरून उभं. ओघळ राहिला तर कुठल्या बाजूचा ते लगेच कळतं. वरच्या मजल्यावरून बाहेर वाकू नका आणि बर्फावर शिडी लावू नका.

फडक्याचा शोध आईचा. आमची टॉवेलची फडकी घासून घासून हात दुखले तरी काच तेलकटच. ड्रायरमध्ये कपडे मऊ करायला आपण जो सुगंधी कागद टाकतो, त्याचा मेणचट थर कापडावर बसतो आणि तिथून काचेवर. आईने बॅगेतून तिच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा काढला, साध्या पाण्यात धुतलेला. दोन हातांत काच लख्ख. "दिवाळीला काय तुमच्या बाटल्या होत्या का आमच्याकडे?" असंही ऐकून घ्यावं लागलं. आम्ही बिनशर्त मान्य केलं.

एप्रिलमध्ये आई परत गेली, मिरजेला डोळे तपासून आली. दोन्ही उत्तम. पण आम्ही काच पुसून सुटलो असं कुणी समजू नये. खिडकी उघडूनही धुरकट दिसलं असतं, तर खर्चाचा विचार न करता डॉक्टरकडे जायला हवं होतं. आणि डोळ्यांपुढे अचानक ठिपके किंवा प्रकाशाचे झोत दिसले, तर काचेकडे बघत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

या थंडीत ज्यांच्याकडे आई-वडील येणार आहेत, त्यांनी एखाद्या रविवारी दुपारी त्यांच्या खुर्चीत दहा मिनिटं बसून बाहेर बघावं. त्यांना दिवसभर काय दिसतं ते कळेल. आणि विम्याच्या गोष्टी बोलायच्या तर त्यांच्यासमोर बसून बोलाव्यात, स्वयंपाकघरात ऐकू जातील अशा नव्हेत.

आमच्याकडे दोन रबरी पट्ट्या आहेत. एक संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हॉलवर आणून ठेवतो. ज्यांना हवी त्यांनी न्यावी आणि पुढच्या घराला द्यावी. लुगड्याचा तुकडा मात्र मिळणार नाही. तो खिडकीशी, त्याच खुर्चीच्या पाठीवर असतो. या नोव्हेंबरात आई पुन्हा येते आहे.