इंजिनाचा हिशेब

मेकॅनिकनं पुढची सीट उचलली. ओम्नीचं 796 सीसीचं इंजिन तिथंच, सीटखाली असतं. वीस वर्षं पळाल्यावर आता निळा धूर, म्हणजे ऑइल जळतंय. बोअर करून नवे पिस्टन-रिंगा टाकायला 28 हजार. जुन्या बाजारातलं इंजिन 25 हजारांत बसेल, पण आरसीवर त्याचा नंबर चढवायला आरटीओच्या खेपा. भंगारवाला अख्ख्या गाडीचे 30 देतोय.

"विकून टाका, साहेब."

हिशेब त्याचा चोख होता. पण अर्धांगानंतर बाबा या एकाच गाडीत, सरकत्या दारातून, आपले आपण चढतात. इतर गाड्यांत उचलून बसवावं लागतं. तेव्हा ते डोळे मिटून घेतात.

"बोअरच करा," मी म्हटलं. "सोमवारपर्यंत होईल? त्यांना फिजिओकडे न्यायचंय."